बाहेरच्या कडेची बॅट

मनुष्यप्राणी आपल्या अपयशाचे कारण शोधण्यासाठी फार दूर जात नाही, आणि फार जवळही येत नाही. ते कारण त्याला सर्वसाधारणपणे आपल्या शरीराच्या बाहेर, परंतु हाताच्या टप्प्यात सापडते. लेखकाला ते लेखणीत सापडते, गवयाला तंबोऱ्यात, स्वयंपाक करणाऱ्याला गॅसच्या शेगडीत आणि क्रिकेट खेळणाऱ्याला बॅटीत. (गोलंदाजाला ते यष्टिरक्षकात सापडते, परंतु यष्टिरक्षक मापाने बनवून मिळत नसल्यामुळे त्या दिशेने व्यापाराची वाढ झाली नाही.)

मीरा रोडच्या शांती नगरात राहणारे आत्माराम केरकर हे या नियमास अपवाद असण्याचे काहीच कारण नव्हते. लालबागेतून येथे राहावयास येऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. ते एका विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात होते. जे काही जळाले, बुडाले किंवा आदळले असेल त्याचे कारण शोधणे आणि ते कारण कंपनीच्या बाहेर आहे असे सिद्ध करणे, हे त्यांचे दैनंदिन कर्तव्य. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आपल्या फलंदाजीचे त्यांनी असेच निःपक्षपातीपणे अन्वेषण केले असता, दोष आपल्या बाहेर आहे, या निष्कर्षाप्रत ते फार लवकर पोहोचले.

अन्वेषणाची निकड त्यांच्या नवप्रभा सोसायटीच्या संघाचा कप्तान नीरज याने निर्माण केली. आंतर-सोसायटी चषकाचे वारे वाहू लागले होते. एके संध्याकाळी गेटपाशी नीरजने त्यांना गाठले.

"काका, एक विचारायचं होतं. यंदा तुम्ही कॉमेंट्री कराल का? तुमचं मराठी कसलं भारी आहे. वाया जातंय."

"आणि नवव्या नंबरला कोण खेळणार?"

"ते बघू ना आपण. पोरं आहेत."

हे निमंत्रण वरवर सन्मानाचे असले तरी त्याचा अर्थ आत्मारामांना पूर्णपणे ज्ञात होता. सोसायटीच्या क्रिकेटमध्ये बढतीचा एक ठरलेला मार्ग असतो. सलामीवीर कालांतराने मधल्या फळीत जातो, तेथून नवव्या क्रमांकावर, तेथून पंचगिरीकडे आणि तेथून माईकपाशी. माईकनंतर प्रमुख पाहुणा होता येते, आणि त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चिन्हे येऊ लागतात. या मार्गावर मागे फिरलेला मनुष्य अद्याप कोणी पाहिलेला नाही. शिवाय मागल्या वर्षीपर्यंत नीरज त्यांना 'दादा' म्हणत असे.

गेल्या तीन हंगामांत आत्मारामांनी एकूण किती धावा केल्या हे येथे सांगणे, एखाद्याला त्याचा पगार विचारण्याइतके अशिष्ट ठरेल. तथापि त्यांना खेळावयाचे होते. ऑफिसात, घरात आणि बिल्डिंगीत त्यांच्या नावावर जे काही होते ते कुणीतरी त्यांना दिलेले होते. खेळपट्टीवर उभे राहण्याची ती काही मिनिटे मात्र त्यांची स्वतःची होती, मग ती कितीही थोडी असोत.

"पहिल्या तीन मॅच मला दे," ते म्हणाले. "नाही जमलं तर आण तुझा माईक."

नीरजने विचार केला आणि मान्य केले. पहिल्या तीन सामन्यांत समोर येणाऱ्या सोसायट्या तशाही अशक्तच होत्या.

आता बॅटीचा प्रश्न आला. आत्मारामांची बॅट धर्मेशच्या दुकानातून आणलेली, म्हणजे तयार मिळणारी होती. दुकानातून बॅट घेण्याची आपल्याकडे एक शास्त्रोक्त पद्धत आहे. ग्राहक बॅट हातात घेऊन ती प्रथम लादीवर ठोकतो. नंतर तिला डोळ्यासमोर आडवी धरून, बंदुकीची नळी तपासावी तसा एक डोळा मिटून पाहतो. (काय पाहतो, हे विचारण्याचा प्रघात नाही.) पुढे तो लाकडावरील रेषा मोजतो व त्या कमी वाटल्यास मान हलवतो, जास्त वाटल्यासही मान हलवतो. अखेरीस दुकानातील पंख्याखाली उभा राहून तो एक काल्पनिक चेंडू हलकेच ढकलतो. हा काल्पनिक चेंडू आजतागायत कोणाचाही हुकलेला नाही, आणि तयार बॅटींचा सारा धंदा त्याच्यावरच उभा आहे. एवढे झाल्यावर धर्मेश म्हणतो, "साहेब, हीच घ्या, सगळे हीच नेतात." ग्राहक ती नेतो.

आत्मारामांना खटकले ते नेमके हेच 'सगळे'. जी वस्तू सगळ्यांना चालते ती आपल्याला कशी चालेल? चपलेला माप लागते, चष्म्याला नंबर लागतो, सदऱ्याला शिंपी लागतो. मग ज्या आयुधावर मनुष्याची इभ्रत अवलंबून आहे ते सरसकट कसे असू शकते? हा युक्तिवाद त्यांनी पत्नी सुचेता यांच्यासमोर जेवताना मांडला. सुचेताबाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"अहो, पण बॉल सगळ्यांना तोच टाकतात ना?" त्या म्हणाल्या आणि आमटी वाढली.

घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, एका औद्योगिक वसाहतीतील गाळ्यात भूपेश नावाच्या गृहस्थाचा बॅट-स्टुडिओ होता. गाळा वातानुकूलित होता आणि त्यात एकही बॅट दिसत नव्हती. (जेथे वस्तू दिसते ते दुकान; जेथे ती दिसत नाही तो स्टुडिओ.) भूपेश कमी बोले, आणि जे बोले ते डॉक्टरच्या सुरात. त्याने आत्मारामांची उंची, हातांची लांबी, मनगटाचा घेर आणि दोन पायांतील अंतर यांची मापे घेतली. मुंज, लग्न आणि ऑफिसची वैद्यकीय तपासणी यांतही आत्मारामांकडे कोणी एवढ्या बारकाईने पाहिले नव्हते. त्यांनी मनगट पुन्हा एकदा मोजण्यासाठी पुढे केले.

त्यानंतर मुख्य चाचणी झाली. जाळीत आत्मारामांना त्यांची जुनी बॅट देऊन उभे करण्यात आले, आणि समोरच्या यंत्रातून गेरूत बुडवलेले शंभर चेंडू एकामागून एक टाकण्यात आले, जेणेकरून चेंडू बॅटीला जेथे लागेल तेथे त्याची तांबडी खूण राहावी. निष्कर्ष पुढीलप्रमाणे निघाले. बाहेरच्या कडेवर एकसष्ट. आतल्या कडेवर अकरा. बॅटीच्या पाठीवर नऊ. (हा प्रकार भूपेशने यापूर्वी पाहिलेला नव्हता, त्याने तो पुन्हा करून दाखवण्याची विनंती केली.) मुठीवर चार. बाकीचे बॅटीच्या वाटेला गेले नाहीत. बॅटीचा मधला भाग, ज्याला खेळणारे लोक आदराने 'मिडल' म्हणतात, तो धर्मेशच्या दुकानातून आला तसाच कोरा राहिला होता.

असा निकाल पाहून एखादा कमी दर्जाचा कारागीर म्हणाला असता की, साहेब, आधी खेळायला शिका. भूपेश तसा नव्हता. ग्राहकात दोष पाहणे त्याच्या संस्थेच्या धोरणात बसत नव्हते.

"सर, एक बोलू? रेडीमेड बॅट कोणासाठी बनते? जो बॉल बरोबर मधे मारतो त्याच्यासाठी. तुम्ही तर तसे नाय ना?"

"नाही," आत्माराम म्हणाले. त्यांच्या स्वरात प्रथमच किंचित अभिमान होता.

"मग त्याचं लाकूड तुम्ही कशाला उचलून फिरायचं? तुमचा बॉल तिकडे येतच नाय. एवढं सगळं विलो मधे फुकट पडलंय. ते आपण तिकडून काढू आणि जिकडे तुमचा बॉल लागतो, तिकडे देऊ."

"कडेला?"

"बाहेरच्या. तुमची ती स्ट्रेंथ आहे, सर."

आत्मारामांनी बॅटीच्या बाहेरच्या कडेवरून हलकेच बोट फिरवले. शाळेपासून आजपर्यंत ज्याला प्रत्येकाने चूक म्हटले होते त्याला एका तज्ज्ञाने बळ म्हटले होते, आणि तेही यंत्राच्या पुराव्यानिशी. त्यांनी आगाऊ रक्कम भरली. (ती किती, हे सुचेताबाईंनाही ठाऊक नाही, सबब वाचकांना कळणे अनुचित होईल.)

यथावकाश बॅट आली. तिच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत 'आत्माराम' असे कोरलेले होते. तिची बाहेरची कड जुन्या घराच्या उंबरठ्याएवढी जाड होती, आणि मधला भाग तासून तासून इतका पातळ केला होता की खिडकीपाशी धरल्यास पलीकडे दिवस आहे की रात्र हे सांगता यावे. सोबत निगा राखण्याच्या सूचना होत्या: बॅट ओलाव्यात ठेवू नये, तेल बेताचे लावावे, दुसऱ्याच्या हाती देऊ नये, आणि मालकाने कोणाकडूनही प्रशिक्षण घेऊ नये. शेवटची सूचना भूपेशने तोंडीही दिली.

"सर, बस एकच काळजी घ्या. तुम्ही जसे आहात तसेच राहा."

जुनी बॅट सुचेताबाईंनी बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून लावली. ते दार वाऱ्याने आपटत असे, आता थांबले.

पहिल्या सामन्यात आत्माराम नवव्या क्रमांकावर आले. पहिला चेंडू नेहमीप्रमाणे त्यांच्या बॅटीची बाहेरची कड घेऊन गेला. फरक इतकाच की आजवर अशी कड यष्टिरक्षकाच्या हातात जाऊन विसावत असे, आणि आज ती त्याच्या डोक्यावरून बांधकाम चाललेल्या इमारतीच्या पत्र्यावर जाऊन आदळली. चार धावा. पुढचा चेंडू त्यांनी समोर मारावयाचा प्रयत्न केला. तोही मागे गेला. चार धावा. तिसरा चेंडू त्यांना दिसलाच नाही. हा त्यांचा सर्वोत्तम फटका ठरला.

दुसऱ्या सामन्यात प्रतिपक्षाने मागे दोन क्षेत्ररक्षक ठेवले. चेंडू दोघांच्या मधून गेला, कारण तो कोठे जाणार हे मारणाऱ्यालाच माहीत नसल्यामुळे अडवणाऱ्यांना कळण्याचा संभव नव्हता. तिसऱ्या सामन्यात नीरजने त्यांना सलामीला पाठवले, आणि सामन्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर या फटक्यास 'आत्माराम कट' असे नाव देण्यात आले. माईकचा विषय मागे पडला. 'काका' हा शब्दही मागे पडला.

"सर, उद्या लवकर या," नीरज आता म्हणे. "पोरांना जरा तो शॉट दाखवा."

"तो दाखवता येत नाही," आत्माराम गंभीरपणे उत्तर देत. "तो आतून यावा लागतो."

यशाचे अनुकरण होतेच. नवप्रभाच्या निम्म्या संघाने भूपेशकडे मापे दिली. नीरजचा प्रत्येक उंच फटका सीमारेषेवर झेलला जात असे. त्याला अशी बॅट बनवून मिळाली की चेंडू सीमारेषेपर्यंत पोहोचूच नये. खजिनदार शिवदास हे दर सामन्यात धावबाद होत. त्यांनी लांब दांड्याची मागणी केली. भूपेशने त्यांच्या पोटाचे माप घेतले आणि, हे काम आपल्या खात्याकडे येत नाही, असे नम्रपणे कळवले. शिवदास यांनी त्याच्यावर अप्रामाणिकपणाचा आरोप केला. ग्राहकाला खरे सांगण्याचा हा त्या संस्थेच्या इतिहासातील एकमेव प्रसंग होय, आणि त्याची पुनरावृत्ती झाली नाही.

संघ अंतिम फेरीत पोहोचला. आणि नेमकी येथेच एक अशी अडचण उद्भवली की जिचा विचार मापे घेणाऱ्याने केला नव्हता आणि देणाऱ्यानेही केला नव्हता.

पूर्वी आत्माराम हंगामात जितके चेंडू खेळत, तितके आता एका सामन्यात खेळू लागले होते. मनुष्य वारंवार एखादी गोष्ट करू लागला की ती त्याला हळूहळू येऊ लागते. याला कोणाचाच इलाज नसतो. अंतिम सामन्यापूर्वी बॅट तपासणीसाठी नेली तेव्हा भूपेशने ती दिव्याखाली धरली आणि त्याचा चेहरा उतरला.

"सर, मार्क आत सरकतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही सुधारताय." त्याने हे अशा आवाजात सांगितले की आत्माराम खुर्चीवर बसले. "मी बोललो होतो ना तुम्हाला, जसे आहात तसेच राहा."

"काही उपाय?"

"नवीन माप घ्यावं लागेल. पण फायनलच्या आधी होणार नाय. तोपर्यंत एक करा, बॉलकडे नीट बघू नका."

घरी येऊन आत्मारामांनी हे सुचेताबाईंना सांगितले. त्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या.

"म्हणजे तुम्हाला खेळता यायला लागलंय," त्या म्हणाल्या.

"तसं काही नाही. दोन-चार खुणा सरकल्या आहेत, इतकंच."

"अहो, तेच ते. मग उद्याचा दिवस ही जुनी न्या ना. दाराला मी पाट लावते."

आत्मारामांनी बाल्कनीच्या दाराकडे पाहिले. जुनी बॅट तेथे उभी होती. तिच्यावर नाव नव्हते. होता तो कंपनीचा उडालेला स्टिकर. तिने त्यांना आयुष्यभर नववा क्रमांक दिला होता. सोनेरी अक्षरांच्या बॅटीने त्यांना सलामी दिली होती, 'सर' दिले होते, आणि त्यांच्या चुकीला त्यांचे नाव दिले होते.

"ती दुसऱ्या कोणासाठी बनवलेली बॅट आहे," ते म्हणाले.

"कोणासाठी?"

"ज्याला खेळता येतं त्याच्यासाठी."

सुचेताबाईंनी हातातला टॉवेल झटकला आणि त्या आत गेल्या.

अंतिम सामना मुर्ध्याच्या मैदानावर झाला. हे मैदान पूर्वी मिठागर होते आणि लवकरच त्यावर टॉवर होणार आहे. मधल्या रिकाम्या वेळात तेथे क्रिकेट चालते. प्रतिस्पर्धी, मैदानाच्या मोबदल्यात चषकात घेतलेला, मुर्धा गावचा संघ होता, आणि त्यांचा कप्तान राघो. ज्यांची मिठागरे होती त्यांपैकी एका घरातला तो पन्नाशीचा गडी. आता त्याचा बांधकामाला रेती पुरवण्याचा धंदा होता. साऱ्या गावात मिळून दोनच बॅटी होत्या, दोन्ही धर्मेशच्या दुकानातल्या, आणि जो फलंदाज आत जाई तो बाहेर येणाऱ्याच्या हातातून बॅट ओढून घेई. अशा असंस्कृत पद्धतीने त्यांनी बऱ्यापैकी धावा केल्या.

आत्माराम सलामीला आले आणि शेवटच्या चेंडूपर्यंत टिकले. अर्ध्या वाटेत त्यांचे काही फटके पूर्वीइतके मागे जाईनात. एक-दोन चेंडू तर बॅटीच्या मध्याच्या अगदी जवळ लागले आणि जागच्या जागी गोगलगायीसारखे पडले. आत्मारामांना घाम फुटला. सूचनेप्रमाणे ते चेंडू येताच खाडीकडे पाहू लागले.

"ओ सर, पानी बगाला आलाव का खेलाला?" राघो गोलंदाजीच्या खुणेवरून ओरडला.

शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. मंडपात सुचेताबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. माईक धावबाद होऊन परतलेल्या शिवदासांच्या हातात होता, आणि तो अद्याप आत्मारामांचाच असल्यासारखा त्यांच्याकडे वळलेला दिसत होता. राघोने मागे उभ्या केलेल्या सहा क्षेत्ररक्षकांकडे पाहिले, हवेकडे पाहिले आणि साध्या व्यवहारी माणसाप्रमाणे ठरवले की ज्याला कड लागते त्याला सरळ चेंडू टाकावा. त्याने सरळ टाकला. संथ, बॅटीच्या पुढ्यात टप्पा पडणारा, मधल्या यष्टीवर.

आत्मारामांनी खाडीकडे पाहावयाचे ठरवले होते. पण चेंडू त्यांना दिसला. तो पूर्ण दिसला, त्याची शिवण दिसली, त्याच्यावरची पुसट अक्षरे दिसली. त्यांचा डावा पाय आपोआप पुढे पडला, कोपर वर आले, मस्तक स्थिर राहिले आणि बॅट वरून खाली अशी सरळ आली की शांती नगराच्या सर्व सेक्टरांत मिळून असा फटका त्या वर्षी दुसरा बसला नाही. चेंडू बॅटीच्या अगदी मधोमध लागला.

ओल्या गादीवर थाप मारावी तसा आवाज झाला. चेंडू लहान मुलाने फुंकलेल्या फुग्यासारखा उडाला आणि राघोच्या ओंजळीत येऊन बसला. बॅट मधोमध मोडली; सोनेरी अक्षरांपैकी 'आत्मा' दांड्याबरोबर राहिला आणि 'राम' खेळपट्टीवर पडला.

राघोने तो तुकडा उचलून उजेडात धरला. "मारलाव बरोबर," तो म्हणाला. "पन ही बॅट हाय का पापड हाय?"

मैदानात एकच टाळी वाजली. ती सुचेताबाईंची होती आणि ती बराच वेळ वाजत राहिली. नवप्रभाच्या लोकांनी त्यांच्याकडे वळून पाहिले. भाबड्या बाईला निकाल कळला नसावा, असा सर्वांचा समज झाला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात पराभवाची मीमांसा करण्यासाठी बैठक बोलावण्यात आली. आत्माराम स्वतः उभे राहिले.

"कारणं शोधणं हा माझा पेशा आहे," ते म्हणाले. "बॅटीत दोष नव्हता. बॅट ज्या मापाची सांगितली होती त्या मापाचीच होती. चूक माझी. ऐन वेळी मी नीट खेळलो."

चूक इतक्या स्पष्टपणे कबूल करणारा सभासद त्या ऑफिसाने पूर्वी पाहिला नव्हता.

"होतं असं, सर," नीरज म्हणाला. "प्रेशरमध्ये माणूस बरोबर खेळून जातो. मनाला लावून घेऊ नका."

ठराव एकमताने संमत झाला: आत्माराम केरकर यांचे सलामीचे स्थान कायम ठेवण्यात यावे, मात्र पुढील हंगामापूर्वी त्यांनी आपला मूळ खेळ परत मिळवावा. तेव्हापासून दर रविवारी ते भूपेशच्या गाळ्यात जातात. तेथे नवी बॅट तयार आहे, त्याच मापाची. यंत्रातून तांबडे चेंडू येतात आणि आत्माराम मान वळवून ते कडेवर घेण्याचा सराव करतात. प्रगती समाधानकारक आहे. कधीकधी एखादा चेंडू चुकून मधोमध लागतो, तेव्हा भूपेश यंत्र बंद करतो आणि त्यांना पाणी देतो. जुनी बॅट बाल्कनीच्या दाराला लावलेली आहे. वारा सुटला की दार तिच्यावर येऊन थांबते, आणि ते प्रत्येक वेळी तिच्या मध्यभागी लागते.

ता.क. प्रस्तुत कथाही मापाने बनवलेली आहे. वाचक साधारणतः कोणाला हसतो याची आधी चाचणी घेण्यात आली, आणि शंभरांपैकी शंभर खुणा शेजाऱ्याच्या बाजूला आढळल्या. सबब सारे लाकूड तिकडेच ठेवले असून, जो भाग स्वतः वाचकाला लागावयाचा तो काळजीपूर्वक तासून टाकला आहे. इतके करूनही मधोमध काही लागल्यासारखे वाटले, तर त्यात कथेचा दोष मानू नये. वाचकाने ऐन वेळी जरा नीट वाचले, इतकेच. असे होते. मनाला लावून घेऊ नये.